छातीवरचं लाल अक्षर

तुरुंगाचं दार उघडतं आणि तीन महिन्यांच्या मुलीला उराशी धरून एक तरुण बाई बाहेर येते. काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा. बाहेर चौकात सारं बोस्टन जमलेलं. नवऱ्याचा पत्ता नाही आणि पदरात मूल! शिक्षा अशी, की तीन तास चबुतऱ्यावर उभं राहायचं आणि ‘ए’ हे लाल अक्षर जन्मभर छातीवर वागवायचं. पण हेस्टर प्रिननं त्या अक्षरावर सोनेरी धाग्यानं अशी काही सुरेख वेलबुट्टी काढली आहे की, बघ्या बायकांचा तिळपापड होतो.

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ १८५० साली प्रसिद्ध झाली. त्याचा एक पूर्वज १६९२च्या सालेममधल्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होता. पाप आणि गुन्हा यांत फरक न करणारी ही कर्मठ प्युरिटन माणसं म्हणजे लेखकाच्या घरचीच म्हणायची.

हेस्टर गाव सोडून जाऊ शकत होती. ती जात नाही. वेशीबाहेर समुद्रकाठच्या झोपडीत राहून शिवणावर पोट भरते. तिचं भरतकाम गव्हर्नरच्या गळपट्टीवर मिरवतं, तान्ह्यांच्या टोपड्यांवर दिसतं, मढ्याच्या कफनावरही चालतं. चालत नाही ते फक्त नवरीच्या चेहऱ्यावरच्या शुभ्र जाळीवर! गावाचा सोवळेपणा नेमका कुठे जागा होतो, ते या एका तपशिलात कळतं.

मुलीच्या बापाचं नाव ती सांगत नाही. ते सांग म्हणून भर चौकात तिला विनवणारा धर्मोपदेशक डिम्सडेल हाच तो बाप. ती उघड्यावर शिक्षा भोगून ताठ राहते. हा मात्र आतल्या आत झिजत जातो. पुढे पर्लला तिच्यापासून काढून घ्यायची भाषा होते, तेव्हा मात्र एरवी मान खाली घालून राहणारी हेस्टर गव्हर्नरच्या वाड्यात उसळून उठते.

सात वर्षांत ती इतक्या आजाऱ्यांच्या उशाशी बसते की, लोक त्या ‘ए’चा अर्थ ‘एबल’, म्हणजे समर्थ, असा लावू लागतात. मला यात गावाचं मोठं मन दिसत नाही. सेवा फुकट मिळत होती!

डिम्सडेल मरतो, मायलेकी समुद्रापार जातात. बऱ्याच वर्षांनी हेस्टर एकटीच परतते, त्याच झोपडीत. कुणी सांगितलेलं नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. मग प्रेमात पोळलेल्या, टाकलेल्या बायका तिच्या दाराशी येऊ लागतात. ती त्यांचं ऐकून घेते.

एकदा तिच्या हातात तान्ह्या बाळाचं झबलं दिसतं, सोनेरी भरतकामानं लखलखणारं. असलं झबलं बाळाला घालायची बोस्टनमध्ये कुणाची छाती झाली नसती. समुद्रापार पर्लचं घर हसतंखेळतं असावं.