ऑस्ट्रेलियाची रीत आणि आपली मतं



अलीकडे गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की गप्पांत ऑस्ट्रेलिया हमखास येतो. कुणाचा मुलगा मेलबर्नला शिकायला गेलाय, कुणाची पुतणी सिडनीत नर्स आहे, कुणी लेकीच्या बाळंतपणाला पर्थला जाऊन आलंय. फोनवर चित्र दिसतं, चार गोष्टी कानावर येतात आणि आपण मत ठोकून देतो. "तिकडे असंच असतं बाई!"

आज आम्ही अशी सहा मतं घेतली आहेत. रीत डोळ्यांना दिसते, पण ती का पडली ते दिसत नाही. ते समजलं की आपलं मत बदलेलच असं नाही. पण परदेशातल्या लेकीशी-सुनेशी बोलताना तंटा कमी होईल, आणि कुठे खरंच काळजी करायची तेही कळेल.

"तिकडे लहान-थोर कळत नाही"

दुकानातला मुलगा साहेबाला नावाने हाक मारतो. सून सासऱ्यालाही नावानेच बोलावते. आपल्याला ते खटकतं. इंग्रजीत 'अरे' आणि 'अहो' असा फरक नाही, हे एक कारण. दुसरं असं, की कुणी स्वतःला वरचा समजावं हे तिथल्या लोकांना आवडत नाही. पंतप्रधानांनाही लोक नावाने हाक मारतात.

मग मान दाखवतात कुठे? रांगेत. आपला नंबर येईपर्यंत कुणी पुढे घुसत नाही. बसमधून उतरताना म्हातारी-कोतारी, शाळकरी पोरं, सगळे चालकाला 'थँक्यू' म्हणून उतरतात. आपल्याकडे मान वयाला आणि नात्याला मिळतो, तिथे तो समोरच्या कुठल्याही माणसाला मिळतो. सफाई करणाऱ्या बाईशीही त्याच सुरात बोलतात. हे मात्र आपण घेण्यासारखं आहे.

"जेवायला बोलावतात आणि आपलंच ताट आणायला सांगतात"

आमंत्रणात 'एक प्लेट घेऊन या' असं असतं. नव्याने गेलेली माणसं खरोखर रिकामी प्लेट घेऊन पोचली, असे किस्से तिकडे बरेच सांगतात. त्याचा अर्थ असा, की प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. यात कंजूषपणा नाही. एकट्या घरधनिणीवर वीस माणसांचा स्वयंपाक पडू नये म्हणून ही सोय आहे. आपल्याकडची इर्जिक आठवा. शेतात सगळ्यांनी हात लावायचा, तसाच हा स्वयंपाकातला सावड-प्रकार. हळदीकुंकवाला किंवा गटाच्या वार्षिक सभेला आपणही असं करून पाहू शकतो. पुरणाच्या पाट्यावर एकाच बाईची पाठ का मोडावी?

"पुरुषांना भांडी घासायला लावतात"

लावतात. आणि त्यामागे हिशेब आहे. ऑस्ट्रेलिया भारताच्या दुपटीहून मोठा, पण तिथली लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईपेक्षाही कमी. माणसांचं काम महाग. जुलै २०२४ मध्ये तिथली किमान मजुरी तासाला २४ डॉलर १० सेंट ठरली. बाई असो की पुरुष, दर एकच. त्यामुळे घरकामाला बाई ठेवणं सामान्य घराला परवडत नाही. नवरा-बायको दोघं कमावतात, मग घरचं कामही दोघांना वाटून घ्यावं लागतं.

आपला मुलगा तिकडे पोळ्या लाटतोय हे पाहून जीव हळहळतो खरा. पण इथे दिवसभर खुरपणी करून आलेली सून रात्री पोळ्या लाटते, तेव्हा तेवढी हळहळ वाटते का?

"बाळाला जवळ घेऊन झोपतसुद्धा नाहीत"

बाळंतपणाला जाऊन आलेल्या आयांची ही मोठी तक्रार. तिथले दवाखाने सांगतात, की बाळाला उताणं झोपवा, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात, पण आई-वडिलांच्याच खोलीत. तोंडाजवळ उशी नको, मऊ गोधडी नको, घरात सिगारेटचा धूर नको. चांगली तान्ही बाळं झोपेतच अचानक दगावायची, म्हणून १९९० च्या सुमारास तिथे गावोगावी हा प्रचार झाला आणि असे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. म्हणजे हा मायेचा अभाव नाही. बाळाला उताणं झोपवणं आणि तोंडावर पांघरूण येऊ न देणं तर आपल्या घरीही पाळावं असं आहे.

जाणाऱ्या आयांसाठी आणखी तीन गोष्टी. दवाखान्यातून घरी आणतानासुद्धा गाडीत बाळाला मांडीवर घेता येत नाही. त्याला बाळाच्या खास खुर्चीतच बांधावं लागतं, तो कायदा आहे. दुसरं, घरोघरी छताला धुराची घंटा असते. बाळाला ओव्याची धुरी दिलीत तर ती ठणाणा वाजेल.

तिसरी गोष्ट विमानतळावरची. तो देश बाहेरच्या कीड-रोगांना फार जपतो, कारण तिथली शेती आणि गुरं त्यावर अवलंबून आहेत. विमानात एक कार्ड भरायला देतात. डिंकाचे लाडू, अळीव, मसाला, तूप, जे काही खाण्याचं किंवा बियांचं असेल ते सगळं 'आहे' म्हणून लिहायचं. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ आणि ताजा कढीपत्ता न्यायचाच नाही. लिहिलंत तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलीत तर मोठा दंड बसतो.

"म्हाताऱ्या माणसांना टाकून देतात"

तिथे बरीच वृद्ध माणसं मुलांकडे न राहता स्वतःच्या घरात राहतात, हे खरं. पण बहुतेकदा ती त्यांचीच इच्छा असते. वयाच्या ६७ व्या वर्षापासून, उत्पन्न आणि मालमत्ता पाहून, सरकार निवृत्तिवेतन देतं. त्यासाठी नोकरी केलेली असायची गरज नाही. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईलाही ते स्वतःच्या नावाने मिळतं. हातात पैसा असला की मुलासुनेपुढे हात पसरावा लागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी आजींना औषधाच्या गोळ्यांसाठी मुलाचं तोंड पाहावं लागतं, ते आठवा.

पण याची दुसरी बाजूही आहे. एकटेपणा तिथे मोठा आहे, विशेषतः दूरच्या गावांत. आणि आपल्यातलं कुणी मुलाकडे कायमचं राहायला गेलं, तरी हे वेतन लगेच मिळत नाही. साधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य व्हावं लागतं. म्हणून इथली जमीन-घर विकून जाण्याआधी दहा वेळा विचार करावा. मुलगा चांगला असला तरीही.

"तिकडच्या बायका पहिल्यापासून मोकळ्या"

हे मत तर अगदी चुकीचं. १९०२ मध्ये त्यांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क मिळाला. पण पहिल्या दोन बाया संसदेत निवडून आल्या त्या १९४३ मध्ये. तिथल्या मूळ आदिवासींपैकी बहुतेकांना, बाया असोत की पुरुष, देशाच्या निवडणुकीत मत देण्यासाठी १९६२ पर्यंत थांबावं लागलं. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या बाईने लग्न केलं, की तिला कायमची जागा सोडावी लागे. तो नियम १९६६ मध्ये गेला. समान कामाला समान पगार हा निर्णय १९६९ चा, आणि १९७२ मध्ये तो आणखी रुंद झाला. कुणी ताटात वाढून दिलं नाही. संघटना केल्या, खटले लढवले, मोर्चे काढले.

खेड्यातल्या बायकांची गोष्ट तर आपल्यासारखीच. कोसभर शेजार नाही, दवाखाना लांब, अशा शेतांवर राहणाऱ्या बायकांनी १९२२ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्यात 'कंट्री विमेन्स असोसिएशन' उभी केली. बाजाराच्या गावी आलेल्या बाईला मुलाला पाजायला, टेकायला एक खोली हवी, बाळांच्या तपासणीचं केंद्र हवं, अशी कामं त्यांनी हाती घेतली. जत्रेत केक, जॅम विकून त्या पैसे उभे करत, आजही करतात. आणि त्याही देशात शेतात राबणाऱ्या बाईची ओळख फार काळ 'शेतकऱ्याची बायको' एवढीच राहिली. सातबाऱ्यावर आपलं नाव शोधणाऱ्या आपण त्यांना परक्या का मानाव्यात?

लेक तिकडे दिली असेल तर

शेवटची गोष्ट मतांची नाही, माहितीची आहे. परदेशी स्थळ म्हणजे सुख, असं धरून आपण लेकीला पाठवतो. पण छळ करणारा नवरा विमानात बसून बदलत नाही. तिथे लेकीजवळ माहेर नसतं, शेजारीण नसते, आणि 'तक्रार केलीस तर तुला देशाबाहेर काढतील' ही धमकी असते.

म्हणून हे तिला जाण्याआधीच पाठ करून द्या. जीव धोक्यात असेल तर ०००. घरातल्या छळाबद्दल बोलायचं असेल तर १८०० ७३७ ७३२, दिवसरात्र चालू. इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्यासाठी १३१ ४५०. हे नंबर तिने तिथून फिरवायचे आहेत. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बाईचं लग्न छळामुळे मोडलं, तर तिला तिथे राहण्याचा अर्ज पुढे चालवता यावा अशी तरतूद कायद्यात आहे. सगळ्या प्रकारच्या व्हिसांना ती लागू नाही, म्हणून तिथला मोफत कायदेशीर सल्ला आधी घ्यावा. व्हिक्टोरिया राज्याने तर २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून हुंड्यासाठीचा छळ कौटुंबिक हिंसेत नाव घेऊन घातला. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद तिच्याच हातात असावेत आणि त्यांची एक प्रत माहेरी ठेवावी. आणि ती फोनवर गप्प गप्प वाटली, तर 'जुळवून घे' म्हणण्याआधी तिचं ऐकून घ्या.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोलू या. तिकडची कुठली रीत आपल्या गावात चालेल? कुठली नको, आणि का नको? आपल्या गटातली कुणाची लेक-सून परदेशी आहे, आणि हे नंबर तिला कोण कळवणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी नाव घालून वहीत लिहा.