माइलो : बुगांडाच्या जमिनीचा एक करार आणि त्याची कुळे

युगांडाची १९९५ ची राज्यघटना आपल्या २३७ व्या अनुच्छेदात भूधारणेचे चार प्रकार मान्य करते : रूढिप्राप्त धारणा, पूर्ण मालकी, भाडेपट्टा आणि माइलो. पहिल्या तीन प्रकारांना समांतर असे काही ना काही इतर देशांच्या कायद्यांतही आढळते. चौथा प्रकार मात्र युगांडाचा स्वतःचा आहे. त्याचे नाव कोणत्याही जुन्या संस्थेवरून किंवा प्रथेवरून आलेले नाही. इंग्रजीतील मैलवाचक शब्द लुगांडा भाषेच्या वळणाने उच्चारला गेला आणि ‘माइलो’ झाला. लांबी मोजण्याच्या एका परकीय मापावरून जमिनीच्या मालकीला नाव पडावे, ही गोष्ट चमत्कारिक खरीच. परंतु त्या नावातच ह्या पद्धतीचा बराचसा इतिहास साठविलेला आहे. माइलो ही बुगांडाची पुरातन परंपरा होय, असा समज युगांडातील राजकीय वादांत वारंवार डोकावतो. तो कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभी नावांविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. बांटू गटातील ह्या भाषेत उपसर्गाने शब्दाचा अर्थ पालटतो. मुगांडा म्हणजे त्या समाजातील एक व्यक्ती, बगांडा म्हणजे तो समाज, बुगांडा हा त्यांचा देश आणि लुगांडा ही त्यांची भाषा. ‘युगांडा’ हे त्याच नावाचे स्वाहिली वळणाचे रूप. बुगांडा आणि भोवतालचे अनेक प्रदेश एकत्र करून इंग्रजांनी जे संरक्षित राज्य बनविले, त्यास ते देण्यात आले. बुगांडा हा युगांडाचा एक भाग आहे. दोहोंत गल्लत होता कामा नये.

व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यालगतचा हा मुलूख बसक्या टेकड्यांचा आहे. दोन टेकड्यांमध्ये लव्हाळ्यांनी भरलेली दलदल आणि उतारांवर केळींच्या बागा, असे त्याचे सर्वसाधारण रूप. मटोके नावाची केळी हेच येथील मुख्य अन्न. केळीची बाग एकदा नीट लागली म्हणजे कित्येक वर्षे फळ देत राहते, म्हणून येथील शेतकऱ्यास नव्या रानाच्या शोधात गाव उठवावे लागत नसे. पाऊस पुरेसा आणि जमीन मुबलक. दुर्मीळ होती ती माणसे. सरदाराचे मोठेपण त्याच्याकडे किती लोक राहतात यावर ठरे, त्याच्या ताब्यात किती भूमी आहे यावर नव्हे. सामान्य शेतकरी, ज्यांना बकोपी म्हणत, एखाद्या सरदाराचा आश्रय पत्करीत. त्या क्रियेला ‘कुसेंगा’ असा स्वतंत्र शब्द होता. सरदार जाचक निघाला तर त्यास सोडून दुसऱ्याकडे जाण्यासही असाच स्वतंत्र शब्द होता : ‘कुसेंगुका’. निघून जाण्याची ही मोकळीक हेच शेतकऱ्याच्या हातचे शस्त्र होते, कारण माणसे गेली की सरदाराजवळ उरे ती निव्वळ माती.

जमिनीवरील हक्क एकेरी नव्हते. राजास, म्हणजे कबाकास, सर्व भूमीचा स्वामी मानीत. त्याने नेमलेल्या सरदारांना अधिकारपदासोबत जमीन मिळे आणि पद गेले की ती जाई. ह्याहून निराळी होती ती ‘बुटाका’ भूमी. बगांडा समाज पन्नासांहून अधिक कुलांत विभागलेला असून सिंह, बिबळ्या, फुप्फुसमत्स्य, टोळ अशी त्यांची देवके आहेत. प्रत्येक कुलाची काही ठराविक स्थळे असत. तेथे पूर्वजांच्या समाध्या असत आणि त्यांची राखण कुलप्रमुखाकडे असे. ह्या कुलप्रमुखांना ‘बटाका’ म्हणत आणि स्वतः कबाकाही ‘सबटाका’, म्हणजे कुलप्रमुखांचा प्रमुख, ही पदवी धारण करी. ‘टाका’ म्हणजे माती. राजा, सरदार, कुल आणि शेतकरी ह्या चौघांचेही हक्क एकाच टेकडीवर एकमेकांवर पसरलेले असत. जमीनदार हा शब्द येथे वापरण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. जमीन विकता येते ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

ही व्यवस्था १९०० च्या करारापूर्वीच हादरलेली होती. १८८८ पासून पुढील चार वर्षे बुगांडात मुसलमान, कॅथलिक व प्रॉटेस्टंट गटांमध्ये सत्तेसाठी युद्धे झाली. १८९२ च्या जानेवारीत मेंगो येथील लढाईत कॅप्टन लुगार्डच्या साहाय्याने प्रॉटेस्टंट पक्षाची सरशी झाली आणि १८९४ मध्ये ब्रिटिश संरक्षित राज्य घोषित झाले. कबाका म्वांगा याने १८९७ मध्ये बंड केले. तेव्हा त्यास पदच्युत करून त्याचा तान्हा मुलगा दाऊदी च्वा यास गादीवर बसविण्यात आले. कारभार तिघा राजप्रतिनिधींच्या हाती आला. त्यांतील प्रमुख कटिक्किरो, म्हणजे मुख्य प्रधान, अपोलो काग्वा. ह्या धामधुमीत जुने सरदार गेले आणि धर्मपक्षांचे नवे लोक त्यांच्या जागी आले. १९०० मध्ये जमिनीचे वाटप झाले ते ह्या नव्या अधिकाऱ्यांच्या हातून, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सर हॅरी जॉन्स्टन हा विशेष आयुक्त १८९९ च्या अखेरीस आला तो प्रामुख्याने खर्चाचा प्रश्न घेऊन. म्वांगाच्या बंडाचा आणि त्याच सुमारास झालेल्या सुदानी सैनिकांच्या उठावाचा भार ब्रिटिश खजिन्यावर पडला होता. आता युगांडाने आपला खर्च आपण भागवावा, अशी अपेक्षा होती. त्यासाठी झोपडीमागे व बंदुकीमागे वार्षिक कर बसवावयाचा आणि सरदारांनी तो गोळा करून द्यावयाचा. करारात हा कर प्रत्येकी ३ रुपये असा लिहिलेला आहे. पूर्व आफ्रिकेत त्या काळी हिंदुस्थानचा रुपया चलनात होता. किनाऱ्यापासून सरोवराकडे येणारा लोहमार्गही बव्हंशी हिंदी मजुरांच्या श्रमावर पुढे सरकत होता. तो १९०१ मध्ये सरोवरास पोहोचला. कर देण्याच्या मोबदल्यात सरदारांना काय मिळणार, हा घासाघिशीचा विषय होता. ह्या वाटाघाटींत मिशनऱ्यांनी सल्लागार म्हणून बराच भाग घेतला आणि काग्वा व त्याचे सहकारी हे आयुक्ताच्या अपेक्षेहून कितीतरी कसलेले सौदागर निघाले. १० मार्च १९०० रोजी करारावर सह्या झाल्या.

कराराचे १५ वे कलम वाचण्यासारखे आहे. बुगांडाचे एकूण क्षेत्र १९,६०० चौरस मैल गृहीत धरून ते तेथे वाटून टाकलेले आहे. कबाकास ३५० चौरस मैल; वीस साझांच्या, म्हणजे परगण्यांच्या, प्रमुखांना प्रत्येकी ८ खाजगी आणि ८ पदाचे; तिघा राजप्रतिनिधींना प्रत्येकी १६ खाजगी व १६ पदाचे; तीन मिशनरी संस्थांना मिळून ९२; एक हजार सरदार व खाजगी धारकांना मिळून ८,०००; पडीक व लागवडीच्या ९,००० चौरस मैलांवर आणि जंगलांच्या १,५०० चौरस मैलांवर सरकारचा ताबा. राजमाता, राजपुत्र व राजकन्या, मुसलमानांचा नेता म्बोगो, सरकारी ठाणी हे सर्व आकडे मिळविले तर बेरीज नेमकी १९,६०० येते. हिशेब चोख आहे. फक्त त्या प्रदेशाची मोजणी तोवर झालेलीच नव्हती! पुढे मोजणी सुरू झाली ती १९३६ पर्यंत चालली, आणि प्रत्यक्ष क्षेत्र अंदाजापेक्षा बरेच कमी भरले.

परंतु ह्या कलमातील खरी मेख आकड्यांच्या चुकीत नाही. किती जमीन द्यावयाची हे कराराने सांगितले. कोठली, हे सांगितले नाही. कोणाला काय मिळावे हे ठरविण्याचे काम लुकीको ह्या राज्यसभेकडे सोपविले गेले, आणि लुकीकोत बसलेले होते तेच सरदार. प्रत्येकास अमुक इतके मैल निवडून घेण्याची मुभा मिळाली. मग निवड कशाची होणार, हे उघड आहे. केळींच्या बागा आणि माणसे असलेल्या टेकड्या सरदारांनी घेतल्या. दलदली, माळ आणि विरळ वस्तीचा मुलूख सरकारच्या वाट्याच्या ९,००० मैलांत गेला. जो सरदार एका परगण्यात अधिकारी होता, तो आपले मैल दुसऱ्याही परगण्यात घेऊ लागला. धारकांची संख्या हजारावरून चार हजारांच्या घरात गेली. माणूस आणि स्थळ यांचा संबंध तोडून हक्क निव्वळ परिमाणात व्यक्त झाला, आणि लोकांनी त्यास नाव दिले तेही परिमाणाचेच.

ह्यात दोन वर्ग बाजूला पडले. शेतकऱ्याच्या किबांजाची, म्हणजे त्याच्या घराची व बागेची, करारात कसलीच तरतूद नव्हती. आपण नव्या मालकाची कुळे झालो हे बहुतेकांना पुढे कळले. दुसरा वर्ग बटाकांचा. कित्येक कुलांची समाधिस्थळे परक्या सरदाराच्या माइलोत गेली. येथे इतिहासाचा एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. बुगांडाच्या राजांचा इतिहास प्रथम ग्रंथबद्ध केला तो ह्याच अपोलो काग्वाने. कुलांच्या परंपरांचा आणि रीतिरिवाजांचा संग्रहही त्याचाच. ज्या कुलांची माती त्याच्या अध्यक्षतेखाली इतरांच्या नावावर चढली, त्यांची स्मृती त्यानेच जतन केली. काग्वाला ढोंगी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जमीन धारकाच्या नावावर पक्की झाली तरच इंग्रज वसाहतवाल्यांपासून ती वाचेल, ही त्याची गणना असावी असे मला वाटते. आणि शेजारच्या केनियात जे घडले ते पाहता ती अगदीच चुकीची होती असे म्हणवत नाही. १९०८ च्या कायद्याने माइलो परकीयास विकण्यावर गव्हर्नर व लुकीको या दोघांच्या संमतीचे बंधन आले.

१९०४ च्या सुमारास कापसाची लागवड सुरू झाली आणि करारातील मुका भाग बोलू लागला. कूळ मालकास दोन देणी देई : बुसूलू, म्हणजे मूळच्या श्रमसेवेऐवजी द्यावयाचा खंड, आणि एन्वुज्जो, म्हणजे उत्पन्नातील वाटा. पूर्वी एन्वुज्जो केळी-बिअरच्या स्वरूपात सरदाराच्या मानासाठी दिली जाई. आता ती कापसाच्या पिकावर बसली आणि वाढत गेली. पूर्वीप्रमाणे निघून जाण्याचा उपायही फारसा उरला नाही, कारण जेथे जावे तेथे कोणाचे तरी माइलो होतेच. १९२० नंतर बटाकांनी उघड चळवळ आरंभिली. वयात आलेल्या कबाका दाऊदी च्वाने त्यांच्याविषयी सहानुभूती दाखविली. लुकीकोतील सरदार अर्थातच विरोधात गेले. १९२४ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. पण १९२६ मध्ये लंडनहून निर्णय आला तो फेरवाटपास नकार देणारा. त्याच वर्षी काग्वाने राजीनामा दिला.

बटाका हरले, परंतु त्यांच्या चळवळीचा लाभ अनपेक्षितपणे कुळांना झाला. १९२८ च्या बुसूलू व एन्वुज्जो कायद्याने दोन्ही देण्यांवर मर्यादा घातली. बुसूलू सामान्यतः वर्षास १० शिलिंग ठरला. न्यायालयाच्या हुकुमावाचून कुळास काढता येईना. किबांजा वारसाकडे जाऊ लागला. रकमा ठराविक असल्यामुळे महागाईबरोबर त्या नाममात्र होत गेल्या. अशा रीतीने एकाच जमिनीवर दोन पक्के हक्क उभे राहिले : एकाजवळ सनद, दुसऱ्याजवळ वहिवाट आणि कायदा. माइलोचे आजचे रूप १९०० इतकेच १९२८ ने घडविले आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे वाटते.

ह्या पद्धतीचे सर्वांत उघडेवाघडे रूप मात्र बुगांडाच्या पूर्वापार मुलखात नव्हे, तर बुन्योरोकडून घेतलेल्या परगण्यांत दिसते. १८९० नंतरच्या युद्धात बुन्योरोचा राजा कबालेगा याच्याविरुद्ध बुगांडाने इंग्रजांस साथ दिली आणि मोबदल्यात बुन्योरोचे काही परगणे मिळविले. त्यांतही माइलोचे वाटप झाले : मालक बगांडा, कुळे बन्योरो, आणि बुन्योरोच्या राजांच्या कित्येक समाध्या त्याच भूमीत. स्वातंत्र्यानंतर ४ नोव्हेंबर १९६४ रोजी बुयागा व बुगांगाइझी ह्या दोन परगण्यांत सार्वमत होऊन ते बुन्योरोस परत मिळाले. सार्वमताने शासन बदलले. मालकीच्या सनदा जशाच्या तशा राहिल्या. दूर राहणाऱ्या मालकांकडून जमीन विकत घेऊन ती कुळांना देण्यासाठी पुढे १९९८ च्या कायद्यात भूमिनिधीची तरतूद करावी लागली.

मधल्या काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. १९६६ मध्ये मेंगोच्या राजवाड्यावर लष्कर चालून गेले, कबाका दुसरा मुटेसा परागंदा झाला आणि १९६७ च्या घटनेने राज्ये रद्द केली. इदी अमीनच्या १९७५ च्या हुकुमाने सर्व जमीन सार्वजनिक ठरवून माइलोचे दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर केले आणि १९२८ च्या कायद्याचे कुळांस असलेले संरक्षणही काढून घेतले. हा हुकूम बव्हंशी कागदावरच राहिला. १९९३ मध्ये कबाकाचे पद पुन्हा प्रस्थापित झाले, त्याच्या ३५० चौरस मैलांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि दोन वर्षांनी घटनेने माइलोस नाव घेऊन मान्यता दिली.

१९९८ च्या भूमिकायद्याने कुळांना पुन्हा संरक्षण दिले. घटना अमलात येण्यापूर्वी बारा वर्षे किंवा अधिक काळ मालकाच्या हरकतीवाचून जो जमीन कसत होता, तो प्रामाणिक वहिवाटदार ठरला, आणि त्याने द्यावयाचा भूमिखंड वर्षास जास्तीत जास्त १,००० शिलिंग, मग जमीन कितीही असो. हे शिलिंग १९२८ चे नव्हेत. १९९८ मध्ये ह्या रकमेची किंमत एका अमेरिकन डॉलरहूनही कमी होती. पुढे ह्या दराची निश्चिती जिल्हा भूमिमंडळांकडे सोपविण्यात आली. २०१० च्या दुरुस्तीने अशा कुळास केवळ भूमिखंड थकल्याच्या कारणावरून, तेही न्यायालयाच्या हुकुमानेच, काढता येईल असे ठरले. बुगांडाच्या मेंगो येथील सरकारने ह्या दुरुस्तीस कडाडून विरोध केला. उलट अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी माइलोवरच पुढे जाहीर टीका केली. दोन्ही पक्ष कुळाच्या हिताची भाषा बोलतात. दरम्यान पुष्कळ मालक हा नाममात्र खंड घेण्याचेच नाकारतात, कारण तो घेतला म्हणजे समोरचा माणूस कायदेशीर कूळ आहे हे मान्य केल्यासारखे होते. आणि खंड भरला गेला नाही, म्हणजे कुळास काढण्याचे कायद्याने ठेवलेले एकमेव कारण त्यांच्या हाती येते.