विश्लेषण : समृद्धी महामार्गावरचे ते ‘खिळे’ कशासाठी होते? इपॉक्सीने भरलेली भेग पक्की कधी होते?

सेलू तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर रस्त्यात ठोकलेले ‘खिळे’ दिसल्याचा व्हिडीओ सप्टेंबर २०२५ मध्ये सेलू-वर्ध्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही फिरला असेल. घटना छत्रपती संभाजीनगरजवळची होती. ते खिळे नव्हते, तर काँक्रीटच्या भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेली नोझल्स होती. हे इपॉक्सी म्हणजे काय, ते घट्ट व्हायला वेळ का लागतो आणि घट्ट झाल्यावरही ते का तुटू शकते, याविषयी...

नेमके काय घडले होते?

९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री माळीवाडा परिसरात समृद्धीवरून जाणाऱ्या काही वाहनांचे टायर पंक्चर झाले. काँक्रीटमधील बारीक भेगा बुजवण्यासाठी इपॉक्सी ग्राउटिंग सुरू होते आणि त्यासाठी ॲल्युमिनियमची नोझल्स बसवली होती, असे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने स्पष्ट केले. ही पद्धत नेहमीचीच आहे. भेगेच्या कडेने ठराविक अंतरावर नोझल्स बसवतात, मधला भाग वरून बंद करतात आणि एका टोकाकडून पातळ इपॉक्सी दाबाने आत सोडतात. पुढच्या नोझलमधून ते बाहेर आले, की तेवढी भेग भरली असे समजतात. आतले इपॉक्सी घट्ट होईपर्यंत नोझल्स सहसा काढत नाहीत. त्यामुळे तेवढा वेळ ती लेन नीट बंद ठेवणे हा दुरुस्तीचाच भाग ठरतो.

इपॉक्सी वाळते का?

नाही. रंग वाळतो, म्हणजे त्यातले पाणी किंवा थिनर उडून जाते. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक अभिक्रिया होते. दोन्हींचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. यालाच ‘क्युअरिंग’ म्हणतात. सेलूच्या हार्डवेअर दुकानात मिळणाऱ्या अराल्डाइटच्या दोन ट्यूब किंवा एम-सीलच्या दोन रंगांच्या कांड्या यामागेही हेच रसायन आहे.

म्हणूनच प्रमाण चुकवून चालत नाही. ‘थोडा जास्त हार्डनर टाकला की लवकर घट्ट होईल’ हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. जादा हार्डनरला जोडीदार रेणूच मिळत नाही, तो जाळ्यात सैल राहतो आणि सांधा कमजोर होतो. हार्डनर कमी पडला तर उलट रेझिन शिल्लक राहते.

तापमानाने काय फरक पडतो?

अशा अभिक्रियेचा वेग दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे २० अंशांना जे मिश्रण तासभर वापरता येते, ते ४० अंशांना पाव तासात हाताबाहेर जाऊ शकते. वैदर्भीय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा भेगेच्या तळापर्यंत पोहोचण्याआधीच इपॉक्सी दाटू शकते. थंडीच्या रात्री याच्या उलट होते. अभिक्रिया रेंगाळते आणि वरून कडक वाटणारा सांधा आतून अर्धाकच्चा राहतो.

शिवाय अभिक्रियेतून स्वतःची उष्णताही बाहेर पडते. कालवलेले इपॉक्सी मगमध्ये जास्त वेळ राहिले तर मग चटका बसेल इतका तापतो, कधी धूरही निघतो. जाड थरात हेच घडते. थर आतून तापतो, थंड होताना आक्रसतो आणि त्यालाच तडा जातो.

घट्ट झाले म्हणजे पक्के झाले का?

तेवढ्याने नाही. प्रत्येक इपॉक्सीचे एक तापमान असते. त्याखाली ते काचेसारखे कडक असते, त्यावर रबरासारखे मऊ होऊ लागते. घरच्या तापमानाला क्युअर झालेल्या अनेक इपॉक्सींत ही सीमा ५० ते ६० अंशांच्या आसपास असते. उन्हात रस्त्याचा पृष्ठभाग तिथवर पोहोचू शकतो. कारखान्यात वस्तू नंतर काही तास गरम ठेवून ही सीमा वर नेता येते. त्याला ‘पोस्ट-क्युअरिंग’ म्हणतात. रस्त्यावर ही सोय नसते, म्हणून हवामान पाहूनच योग्य प्रकार निवडावा लागतो.

मग ते तुटते कशामुळे?

भार किती, यासोबतच तो कसा येतो, हेही महत्त्वाचे असते. अचानक धक्का बसला, तर जाळ्याला सरकायला वेळ मिळत नाही आणि इपॉक्सी काचेसारखे तडकते. आत हवेचा बुडबुडा किंवा धूळ राहिली असेल, तर ताण तिथे एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ठिसूळपणा कमी करण्यासाठी काही प्रकारांत रबराचे सूक्ष्म कण मिसळतात.

हळू, पण सतत येणारा भार वेगळ्या प्रकारे घात करतो. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टनमध्ये बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे एका मोटारीवर कोसळले. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला. छत लटकवणारे बोल्ट इपॉक्सीने बसवले होते. वापरलेले ‘फास्ट सेट’ इपॉक्सी थोड्या वेळाच्या भाराला पुरेसे होते, पण कायम लटकत्या वजनाखाली ते हळूहळू ताणत गेले आणि बोल्ट निसटले, असे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पुढे आले. काही बोल्ट सरकल्याचे १९९९ मध्येच दिसले होते.

रस्त्यावरची दुरुस्ती टिकेल का?

चांगले क्युअर झालेले इपॉक्सी ताण सोसण्यात काँक्रीटपेक्षा कितीतरी पटींनी मजबूत असते. म्हणूनच भेग ‘जिवंत’ असेल, म्हणजे तापमानाने किंवा खालचा भराव खचल्याने हलत असेल, तर भरलेली जागा शाबूत राहते आणि शेजारचे काँक्रीट फुटते. कारण दूर न करता फक्त भेग बुजवली, तर काही महिन्यांनी बाजूला नवी भेग दिसते. अशा वेळी दोष इपॉक्सीचा नसतो.

घरी वापरताना काय पाळावे?

जागा कोरडी आणि धूळमुक्त करा. पाकिटावर दिलेले प्रमाण पाळा आणि रंग एकसारखा होईपर्यंत कालवा. हाताला घट्ट लागले म्हणून लगेच भार देऊ नका. पाकिटावर ‘सेट’ होण्याची आणि पूर्ण ताकदीची वेळ वेगवेगळी दिलेली असते. पाण्याची टाकी भरण्याआधी किंवा मोटार सुरू करण्याआधी त्यातली दुसरी वेळ पाहा.