परसदारी माजलेले रान : कापण्याआधी जरा वाकून पाहा

मृगाचा पाऊस होऊन महिना लोटला की अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींमागची, बैठ्या घरांमागची जागा ओळखू येत नाही. एरवी कपडे वाळत घालायची आणि मोडकी सायकल टेकवायची ती जागा. श्रावणात तिथे गुडघाभर रान उभे राहते. घरातला कर्ता माणूस म्हणतो, "रविवारी कोयता घेतो नि सगळे साफ करतो." भगिनींनो, त्या रविवारच्या आधी एकदा मुलांना घेऊन त्या रानात वाकून पाहा. घरातली आजी बरोबर असेल तर फारच चांगले.

पहिल्यांदा दिसेल तो टाकळा. गोलसर पानांच्या जोड्या, संध्याकाळ झाली की मिटणाऱ्या. कोकणातली शेजारीण त्याला टाकळा म्हणेल, विदर्भातली तरोटा म्हणेल. भाजी एकच. फुले येण्याआधीची कोवळी पाने खुडावीत. कांदा, लसूण, मिरची आणि भिजवलेली चणाडाळ घालून परतावीत. कोकणात त्यात फणसाच्या आठळ्याही घालतात. त्याच्या शेजारी कुर्डू असेल. पुढे त्याला पांढरे-गुलाबी तुरे येतात, पण भाजीला तो कोवळाच हवा. जमिनीलगत लाल दांड्याची, जाड पानांची घोळ पसरलेली असते. ती चवीला आंबूस. तुरीच्या डाळीत शिजवली की चिंच कमी लागते. निळ्या फुलांचा केना दिसला तर त्याच्या पानांची भजी होतात. काटेमाठाचे शेंडे मात्र काटे सांभाळून खुडावेत.

या भाज्या आपल्या लोकांना नवीन नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी चुली अशाच पाल्यावर पेटल्या. पुढे कामधंद्यासाठी माणसे इकडे आली. कुणी अंबरनाथच्या कारखान्यांत लागले, कुणी उल्हासनगरच्या लहान-मोठ्या धंद्यांत. त्यांच्या बायकांनी गाठोड्यातून भांडी आणली, तशी ही ओळखही आणली. पण नंतर तिची लाज वाटू लागली. "आम्ही पाला खाऊन दिवस काढले" हे मुलांना सांगायला जीभ रेटेना. आज त्याच रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि शहरातली माणसे पैसे मोजून जुडी घरी नेतात. पाला खावा लागला, यात लाज खाणाऱ्यांची नव्हती. आणि कोणता पाला पोटाला चालतो, कोणता नाही, हे ओळखणे म्हणजे शिक्षणच होते. ते कुठल्याही पुस्तकाशिवाय आईकडून मुलीकडे आले. आजी गेली की ते तिच्याबरोबर जाईल. म्हणून मुलांनी वहीत प्रत्येक झाडाचे एक पान चिकटवावे आणि खाली आजीने सांगितलेले नाव लिहावे.

रानात खाण्यापलीकडचेही पुष्कळ असते. टाकळ्याभोवती उडणारी लहान पिवळी फुलपाखरे त्याच पानांवर अंडी घालतात. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर झटकू नका, ती फुलपाखराची अळी असू शकते. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. रुंद पाने शिवून घरटे करणारा शिंपी पक्षी तर चाळीतल्या झुडपातही राहतो.

मात्र सगळेच रान गुणाचे नसते. गाजरासारख्या पानांचे, पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत अंगाला खाज आणते आणि दमाही चाळवते. हातमोजे किंवा पिशवी हाताला गुंडाळून ते फुलण्याआधीच मुळासकट उपटावे. काटेरी फळांचा धोतरा विषारी आहे. लालकाळ्या गुंजा मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. ओळख पक्की नसेल ती भाजी शिजवूच नये. रानात दिवसाउजेडी, काठी आपटत जावे, कारण साप-विंचूही तिथेच आसरा घेतात. करवंट्या, टायर, फुटके डबे दर आठवड्याला उपडे करावेत, नाहीतर डासांची पैदास होते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. नाल्याकाठची आणि कारखान्याच्या सांडपाण्यालगतची भाजी कितीही हिरवीगार दिसली तरी घरात आणू नये. वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास झाला होता. अशा पाण्यावर वाढलेला पाला धुऊन शुद्ध होत नाही. तणनाशक मारलेल्या जागेचेही तेच. ज्या भाजीने दुष्काळात जीव जगवला, ती निर्धास्त खुडता यावी एवढी स्वच्छ माती आणि स्वच्छ पाणी मागणे हा आपला हक्क आहे.

उल्हासनगरच्या बराकींत किंवा दाटीच्या वस्तीत परसदार नसते, हे खरे. पण पत्र्याच्या जुन्या डब्याला तळाशी भोके पाडून माती भरावी आणि घोळीचा एक तुकडा खोचावा. तो जीव धरतो.

तेव्हा कोयता जरूर घ्या. वाट मोकळी करा, भिंतीलगतचे गवत काढा, गाजरगवताचा नायनाट करा. पण एका कोपऱ्यातला हातभर टाकळा राहू द्या. त्याच्या शेंगा वाळून फुटल्या की पुढच्या पावसात तो न पेरता उगवेल.