ऑनलाइन ओळख (भाग ७) : आधी नाव ठरवा

नावाखालच्या एका ओळीवर, म्हणजे हेडलाइनवर, या रविवारी लिहीन असं म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी. मधल्या दिवसांत वाळूजहून एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्या ओळीआधी खुद्द नावाचाच विचार करायला हवा हे त्या पत्राने पटवलं.

हे वाचक वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. सीएमएम या मोजणी यंत्रावरची मोजमापं, गेज कॅलिब्रेशन, पीपॅपची म्हणजे सुट्या भागांच्या मंजुरीची कागदपत्रं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. चाकणच्या एका कंपनीने दोन मुलाखती घेऊन ऑफर लेटर दिलं, यांनी राजीनामा दिला, नोटीस पिरियड सुरू झाला आणि सगळं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकलं. त्यांच्या नावात 'ज्ञ' आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर तो डी-एन-वाय, डिप्लोम्याच्या गुणपत्रिकेवर जी-एन-वाय. आडनावातला 'व' पॅनवर व्ही आणि आधारवर डब्ल्यू. लिंक्डइनवर घरात हाक मारतात ते नाव. ही सगळी माणसं एकच का, असं एचआरने विचारलं. पत्राच्या शेवटी त्यांचा प्रश्न आहे : "आता मध्येच लिंक्डइनवरचं नाव बदललं तर संशय येईल का?"

येणार नाही. बदला, आणि त्याच दिवशी एचआरला दोन ओळींची मेल टाकून कळवा. न सांगता केलेला बदल खटकतो. सांगून केलेली दुरुस्ती कुणाला खटकत नाही. कागदपत्रांतल्या फरकासाठी ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करून द्या. आणि एक काम जुनी नोकरी सुटण्याआधी उरका : पीएफच्या यूएएनवरचं नाव तपासा. २०१४पासून हा क्रमांक नोकरी बदलली तरी आपल्याबरोबर येतो, आणि त्यावरचं नाव आधारशी जुळावं लागतं. जुळत नसेल तर दुरुस्ती करावी लागते, आणि पुष्कळदा त्यासाठी कंपनीच्या सहभागाचं जॉइंट डिक्लरेशन भरावं लागतं. तुम्ही अजून तिथे कामाला असताना ते करून घेणं फार सोपं जातं.

आता मूळ मुद्दा. गेल्या वेळी आपण नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्समधला, म्हणजे रेझ्युमेंच्या साठ्यातला, शोध पाहिला. तो कौशल्यांचा शोध. तिथे नाव शेवटी येतं. पण रेझ्युमे आवडला की फोन लावण्याआधी भरती करणारा माणूस आणखी एक शोध घेतो, आणि तो नावाचा असतो. नाव, पुढे शहर किंवा कंपनी, बस. रेझ्युमेवर एक स्पेलिंग आणि प्रोफाइलवर दुसरं असेल तर तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. कधी तुमच्याच नावाच्या तिसऱ्या माणसापर्यंत पोचतो, हे त्याहून वाईट. फोटो कुठला लावावा यावर मंडळी तासभर चर्चा करतात आणि नावाची चौकट अर्ध्या मिनिटात भरून पुढे जातात. माझ्या मते प्रोफाइलमधला सगळ्यात महाग निष्काळजीपणा हाच.

मराठी माणसाला तो जास्त नडतो, कारण आपली नावं रोमन लिपीत एका रूपात राहतच नाहीत. दीपकमधला 'दी' कुणी डबल ई लावून लिहितो, कुणी एका आयवर भागवतो. दीक्षितांच्या घरात एका भावाचा 'क्ष' के-एस-एच, दुसऱ्याचा एक्स. चौधरींच्या स्पेलिंगमध्ये ए-यू की ओ-यू इथपासून शेवटी आय की वाय इथपर्यंत मतभेद. पहिलीत नाव घालताना मास्तरांनी जनरल रजिस्टरवर मराठीत लिहिलं. त्याचं इंग्रजी पुढे दहावीच्या फॉर्मवर कुणीतरी केलं, आधार केंद्रावर आणखी कुणीतरी. दोघांनीही आपापल्या कानाप्रमाणे केलं.

नावांचा क्रमही आपल्याकडे फिरता. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. त्यामुळे जर्मनीत किंवा आखातात गेलेल्या आपल्या मुलांना कामावर वडिलांच्या नावासकट हाक मारली जाते. गुणपत्रिकेवरून जसंच्या तसं नाव उतरवून रेझ्युमे केला तर तो वाचणारं सॉफ्टवेअर आडनावालाच पहिलं नाव समजण्याची शक्यता असते. म्हणून ऑनलाइन सगळीकडे क्रम एकच ठेवा : नाव, लावायचं असेल तर मधलं नाव, आडनाव.

स्पेलिंग कुठलं धरायचं? दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, असं माझं सरळ उत्तर आहे. डिप्लोमा, पदवी, पुढची नोंदणी सगळं त्याच्यावर उभं असतं, आणि ते बदलणं सगळ्यात अवघड. आधार आणि पॅन त्याला जुळवून घेता येतात. उलट परिस्थिती असेल, म्हणजे दहावीचंच चुकलेलं आणि बाकी सगळं एका रूपात, तर राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि ती प्रत कायम जवळ ठेवा. एक सवलत मात्र लक्षात असू द्या : प्रोफाइल हा कायदेशीर कागद नाही. तिथे नाव आखूड चालतं, वडिलांचं नाव गाळलेलं चालतं. जेवढं लिहाल तेवढ्याचं स्पेलिंग कागदासारखं हवं.

'ज्ञ'वाल्यांना आणखी एक सांगतो. बंगळुरू-हैदराबादच्या एचआरला उच्चार जमत नाही म्हणून पुष्कळजण नाव सोपं करून टाकतात. करू नका. लिंक्डइनच्या मोबाइल अॅपवर आपल्या नावाचा उच्चार दहा सेकंदांपर्यंत रेकॉर्ड करून ठेवता येतो. नावाशेजारी छोटं स्पीकरचं चिन्ह दिसतं. मुलाखतीआधी समोरच्याने ते ऐकलं तर पहिल्याच वाक्यात तुमचं नाव नीट येतं, आणि तुमच्याही मनावरचा ताण उतरतो. शिवाय डी-एन-वायने सुरू होणारं नाव मराठी माणसाखेरीज फारसं कुणी लिहीत नाही. शोधात ते चटकन वेगळं दिसतं, हा फायदाच आहे.

ज्यांची नावं फार प्रचलित त्यांचं दुखणं निराळं. सचिन पाटील किंवा प्रिया जोशी शोधून पाहा, कुठे थांबावं कळत नाही. अशांनी मधलं नाव पूर्ण लावावं. नुसतं आद्याक्षर पुरत नाही. आपल्याकडे वडिलांचं नाव लावण्याची पद्धत आहे, तिचा इथे थेट उपयोग होतो. काहीजण आईचं नाव लावतात, तेही तितकंच चांगलं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत तर महाराष्ट्र सरकारने आईचं नाव घालणं सुरूच केलं आहे. संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांनी आजच ऑर्किड क्रमांक काढावा. २०१२पासून मिळणारा हा सोळा आकडी क्रमांक फुकट आहे, त्यावर नावाची सगळी रूपं नोंदवता येतात, आणि दोन कुलकर्ण्यांचे शोधनिबंध एकमेकांच्या नावावर जात नाहीत.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांची पत्रं या लेखमालेला सुरुवातीपासून येताहेत. पदवी माहेरच्या नावाची, पहिल्या दोन नोकऱ्या माहेरच्या नावाच्या, आणि प्रोफाइल सासरच्या नावाचं. जुन्या वरिष्ठाने शिफारस करायची म्हणून शोधलं तर बाई सापडतच नाहीत. आधी हे स्पष्ट असू द्या की लग्न झालं म्हणून नाव बदलायला हवं असं कुठलाही कायदा सांगत नाही. बदललं असेल तर लिंक्डइनवर पूर्वीचं नाव भरण्याची वेगळी सोय आहे, आणि ते कुणाला दिसावं हेही ठरवता येतं. माझा आग्रह त्याहून पुढचा आहे : दोन्ही आडनावं लावा, उघडपणे लावा. ज्या नावाने पहिली दहा वर्षं काम केलं ते नाव पुसलं की ती दहा वर्षं शोधणाऱ्याच्या नजरेआड जातात.

आणि आडनावाबद्दल एक गोष्ट, जी प्रोफाइलच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही. आपल्या राज्यात काही तरुण आडनाव लावतच नाहीत. त्यामागचं कारण खरं आहे : नावावरून जात-धर्म ओळखला जातो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ते प्रसिद्ध झालं. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. त्यामुळे आडनाव गाळणाऱ्याला मी कधीच "लावा" म्हणत नाही, आणि लावणाऱ्याला "गाळा" म्हणत नाही. तो निर्णय ज्याचा त्याचा. गाळायचं ठरवलं तरी लिंक्डइनचा आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिथे वडिलांचं किंवा आईचं नाव घाला आणि रेझ्युमेवरही हुबेहूब तेच ठेवा. परदेशाचा विचार असेल तर पासपोर्टवर नुसतं एकच नाव ठेवू नका. अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, आणि ती पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत पाठ सोडत नाहीत.

बदल सुचवण्याचा माझा रोख भरती करणाऱ्यांकडेही आहे. या व्यवसायातले पुष्कळजण ही लेखमाला वाचतात. उमेदवाराचं नाव झाकून पहिली चाळणी करता येते, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय मिळते. ती वापरा.

उरलेल्या गोष्टी भरभर. नावाच्या चौकटीत फक्त नाव. पुढे 'इंजि.' नको, मागे पदव्यांची रांग नको, 'नोकरी हवी' तर नकोच. हे शेवटचं लिंक्डइनच्या नियमांतही बसत नाही. प्रोफाइल नवं असताना त्याच्या पत्त्यात, म्हणजे लिंकमध्ये, नावापुढे आकड्या-अक्षरांचं शेपूट असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन काढा. हवा तो पत्ता कुणीतरी घेतलेला असेल तर जन्मसाल जोडू नका, वय उघड होतं. मधलं नाव किंवा व्यवसाय जोडा. पत्ता बदलल्यावर रेझ्युमेवरचा जुना पत्ताही बदला. मेल आयडी त्याच स्पेलिंगचा. रेझ्युमेच्या फाइलला 'फायनल न्यू टू' असं नाव देऊन पाठवणारे अजून आहेत; समोरच्याच्या फोल्डरमध्ये अशा ढीगभर फाइली असतात, तुमची त्यात हरवते. फाइलचं नाव म्हणजे तुमचं नाव आणि पद.

डिजिलॉकरमार्फत आधार जोडून लिंक्डइनवर ओळख पडताळून घेता येते, फुकट. पण ते सगळ्यात शेवटी करा. पडताळणीत नाव आधारशी ताडलं जातं, त्यामुळे आधी स्पेलिंग जुळवा, मग पडताळणीचं चिन्ह मिळवा. वाळूजच्या वाचकांनीही याच क्रमाने जावं : प्रतिज्ञापत्र, आधार-पॅन, यूएएन, मग लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरचं नाव एकाच बैठकीत, आणि त्याच दिवशी एचआरला मेल.

पुढच्या रविवारी नक्की हेडलाइन. तोवर एक करून ठेवा : ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडून आपलं नाव आणि शहर शोधा, पहिल्या पानावर जे जे दिसतं ते कागदावर उतरवा. २२० अक्षरांच्या त्या ओळीत काय घालायचं हे आपण त्या कागदावरून ठरवू.