युरोपातील एक सत्र : आधी सह्या, मग विमान

मुंबई, प्रतिनिधी

डिलाईल रोडचे नाव कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग असे होऊन कैक वर्षे लोटली. पण गिरणगावातील जुन्या रहिवाशांच्या तोंडी तो अजूनही डिलाईल रोडच आहे. १९८२ च्या संपानंतर येथील गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि त्यांच्या आवारांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्यांचे आजोबा तीन पाळ्यांत साच्यावर उभे राहिले, त्या घरांतील नातवंडे आज पदवीचे शिक्षण घेत आहेत. युरोपातील एखाद्या विद्यापीठात एक सत्र शिकून यावे, असा विचार आता यांपैकी काहींच्या मनातही डोकावू लागला आहे.

अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा, आणि तो स्वाभाविकही आहे. मात्र त्याहून नेमका प्रश्न वेगळाच असतो आणि तो बहुधा उशिरा विचारला जातो. तिकडे शिकलेले विषय इकडच्या पदवीत धरले जाणार का? शिष्यवृत्ती मिळाली, व्हिसा मिळाला, तिकडची परीक्षाही उत्तीर्ण झाली. पण परतल्यावर ते विषय इथल्या गुणपत्रिकेत बसेनात, तर एक वर्ष हातचे जाते. पहिल्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या घराला हे वर्ष परवडत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा दाखला

या बाबतीत एक जुना दाखला याच परिसरातला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहत असे. १९१६ मध्ये बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या.

याच काळात, १९२१ मध्ये, त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. लंडनचे काम सुरू असल्याने तेथील व्याख्यानांना हजर राहणे त्यांना जमले नाही आणि १९२२ च्या जानेवारीत विद्यापीठाने त्यांचे नाव पटावरून कमी केले. विद्यार्थी कितीही असामान्य असला, तरी विद्यापीठाचा पट हजेरीच पाहतो. लंडनची परवानगी कामी आली, बॉनची नोंदणी आली नाही. परदेशी सत्राच्या आखणीचे मर्म या दोन घटनांत आले.

मार्ग कोणता, हे आधी ठरवा

एका सत्रासाठी युरोपात जाण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला, आपले महाविद्यालय वा विद्यापीठ आणि तिकडचे विद्यापीठ यांच्यातील सामंजस्य कराराचा. यात सामान्यतः शिक्षणशुल्क आपल्याच संस्थेत भरायचे असते आणि तिकडे ते माफ असते. दुसरा मार्ग युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेचा. इरास्मस १९८७ मध्ये युरोपातील विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. २०१५ पासून तिच्या श्रेयांक गतिशीलता विभागातून भारतासह युरोपाबाहेरील देशांतील विद्यार्थ्यांनाही एखाद्या सत्रासाठी जाता येते. मात्र त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये करार असावा लागतो आणि अर्जही आपल्या संस्थेमार्फतच करावा लागतो. तिसरा मार्ग स्वखर्चाने, कोणत्याही कराराशिवाय जाण्याचा. यात शुल्क पूर्ण भरावे लागू शकते आणि विषय मान्य करून घेण्याची सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर येते.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. इरास्मस मुंडस ही संपूर्ण पदव्युत्तर पदवीची वेगळी योजना आहे. ती एका सत्रासाठी नाही. तसेच राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही संपूर्ण पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे. एका सत्राच्या खर्चासाठी तिच्यावर विसंबून राहू नये.

श्रेयांकांचे गणित

युरोपात बहुतेक ठिकाणी ईसीटीएस ही श्रेयांक पद्धत चालते. तिच्यात पूर्ण वर्षाचे ६० आणि एका सत्राचे ३० श्रेयांक धरले जातात. एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. त्यात वर्गातील तासांबरोबर घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारीही धरलेली असते. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एका सत्राचे २० श्रेयांक होतात. मुंबई विद्यापीठाच्या नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेत सत्राला २२ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक आहेत.

त्यामुळे तिकडचा एक श्रेयांक म्हणजे इकडचा एक, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरते. सत्रास सत्र धरले तर तिकडचे ३० म्हणजे इकडचे २०-२२; या हिशेबाने सहा ईसीटीएसच्या विषयाचे आपल्याकडे चार श्रेयांक होतात. तासांचा हिशेब केला तर त्याच विषयाचे १५० ते १८० तास, म्हणजे पाच ते सहा श्रेयांक भरतात. दोन्ही हिशेब तर्काला धरून आहेत; पण आपली संस्था कोणता मानते, हे लेखी विचारून घेतले पाहिजे. आखणी करताना मात्र कमी श्रेयांक देणारा हिशेब धरावा. उरलेले श्रेयांक कोणाला जड होत नाहीत. कमी पडलेले पदवी अडवतात.

यादी उलट्या दिशेने करावी

तिकडच्या विषयसूचीतील आकर्षक नावे पाहून निवड करणे ही सर्वात नेहमीची चूक. सुरुवात आपल्या पदवीपासून करावी. समजा, लोअर परळची एखादी विद्यार्थिनी अर्थशास्त्राच्या पाचव्या सत्रासाठी जाऊ इच्छिते. तिने प्रथम त्या सत्राचे सर्व घटक एका कागदावर लिहावेत आणि त्यांचे तीन गट करावेत.

पहिला गट मुख्य विषयातील अनिवार्य भागाचा. याला जवळचा विषय तिकडे मिळालाच पाहिजे, आणि केवळ नाव जुळून भागत नाही. प्रकरणे, तास आणि मूल्यमापन यांचा तपशील असलेले अभ्यासपत्र मागवून ते विभागप्रमुखांना दाखवावे. दुसरा गट वैकल्पिक आणि उपविषयांचा. येथे मोकळीक अधिक असते आणि इकडे न मिळणारा विषय शिकण्याची संधीही येथेच असते. तिसरा गट तिकडे मिळणारच नाहीत अशा घटकांचा, उदाहरणार्थ क्षेत्रकार्य, सामुदायिक सहभाग किंवा भारतीय ज्ञान प्रणाली. हे घटक जाण्यापूर्वी वा परतल्यावर कधी पूर्ण होणार, ते आधीच ठरवून घ्यावे.

प्रत्येक विषयासाठी एक पर्यायी विषयही मंजूर करून ठेवावा. जर्मनीसारख्या देशात सत्राचे नेमके वेळापत्रक अनेकदा सुरुवातीच्या थोडेच आधी जाहीर होते. विषय रद्द होणे, जागा भरणे किंवा दोन तासिका एकाच वेळी येणे, हे प्रकार तेथेही घडतात. विषय इंग्रजीतून शिकवला जातो की स्थानिक भाषेतून, हेही पाहावे. पदवी स्तरावर इंग्रजीतील विषय पदव्युत्तर स्तरापेक्षा कमी असतात.

दोन दिनदर्शिका

विषयांइतकेच महत्त्व तारखांना आहे. स्वीडनमधील शरद सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. तेथे बहुधा साडेसात श्रेयांकांचे विषय एकामागून एक शिकवले जातात. नेदरलँड्समध्ये ते सप्टेंबर ते जानेवारीअखेर असते. जर्मन विद्यापीठांच्या हिवाळी सत्रातील व्याख्याने मात्र ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. परीक्षा त्यानंतरही असू शकते. तोवर मुंबईत पुढचे सत्र निम्मे सरलेले असते आणि ७५ टक्के उपस्थितीची अट आडवी येते. म्हणूनच परतण्याच्या तारखेविषयी आपल्या संस्थेकडून उपस्थितीची सवलत आधीच लेखी घ्यावी. शक्यतो शेवटचे सत्र परदेशी सत्रासाठी निवडू नये. तिकडचा निकाल लांबला तर पदवीच लांबते.

तीन सह्यांचा कागद

इरास्मस योजनेत या साऱ्या आखणीला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाच्या कागदाचे रूप मिळते. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते घटक पूर्ण झाले असे मानणार, हे त्यात दोन तक्त्यांत लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. सत्र सुरू झाल्यावर विषय बदलायचा झाल्यास पहिल्या काही आठवड्यांतच या कागदात दुरुस्ती करून पुन्हा सह्या घ्याव्या लागतात. अन्य मार्गाने जाणाऱ्यांनीही असाच कागद तयार करून घ्यावा.

आपल्याकडची सही कोणाची, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. स्वायत्त महाविद्यालयाचे स्वतःचे अभ्यास मंडळ आणि परीक्षा विभाग असतो, त्यामुळे निर्णय तेथेच होऊ शकतो. संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम आणि पदवी मात्र विद्यापीठाची असते. तेथे प्राचार्यांचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही, विद्यापीठाची मान्यता लागते. तिकडचे श्रेयांक आपल्या खात्यावर आपोआप जमा होत नाहीत. आपल्या संस्थेने ते मान्य करून नोंदवावे लागतात.

गुणांचीही भाषा वेगळी

परतल्यावर हातात पडणारी गुणपत्रिकाही समजावून द्यावी लागते. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण, तर इटलीत ३० पैकी १८ ला. आपल्या दहाच्या मापाने पाहिले तर जर्मनीतील १.३ ही उत्कृष्ट श्रेणी नापासाची वाटेल. गुणांचे रूपांतर कसे होणार की केवळ श्रेयांकच धरले जाणार, याचा उल्लेखही त्याच कागदात असावा. निकालपत्र थेट आपल्या संस्थेकडे जाईल, अशी व्यवस्था करून मगच परतावे. एखादा विषय राहिला तर फेरपरीक्षा कधी आणि भारतातून देता येईल का, हेही तेथून निघण्यापूर्वी विचारावे.

खर्चाचा अंदाज या यादीनंतरच नेमका करता येतो, कारण मुक्कामाचे महिने विषय आणि परीक्षांच्या तारखांवर ठरतात. जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो या दराने रक्कम दाखवावी लागते. एका वाढीव महिन्याचा भार त्यावरून लक्षात यावा.

ज्या घरातून प्रथमच कोणी इतक्या दूर शिकायला निघते, तेथे या कार्यालयीन बाबी समजावून सांगणारे कोणी नसते. त्यामुळे निघण्याच्या किमान वर्षभर आधी विभागप्रमुख, परीक्षा विभाग आणि आंतरराष्ट्रीय संबंध कक्ष या तीन दारांवर विद्यार्थ्याने स्वतः जावे आणि प्रत्येक उत्तर लेखी घ्यावे. तिकीट त्यानंतर काढावे.