घरातली सर्वांत गार जागा

दोन माणसं दारं-खिडक्या लावून आठ तास झोपली, की सकाळपर्यंत त्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी खोलीच्या हवेत गेलेलं असतं. झोपेत माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो, असा हिशेब धरतात. आता दहा बाय बाराची खोली घ्या. तिच्यात सुमारे २७ घनमीटर हवा मावते. रात्री हीटिंग बंद होऊन तापमान १६ अंशांवर उतरलं, तर ती सगळी हवा मिळून जेमतेम ३७० ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे हवा आधी अगदी कोरडी असती तरी सगळं पाणी तिच्यात मावलं नसतं. थोडी वाफ फटींतून बाहेर जाते, थोडी गादी-उशा शोषून घेतात आणि उरलेली खिडकीच्या काचेवर पाणी होऊन ओघळते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घरोघरी सकाळी फडकं घेऊन काचा पुसायचं काम निघतं, त्यामागचं गणित एवढंच आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन पटत नाही, कारण आपला हिवाळा कोरडा. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, पापड दोन उन्हांत कडकडीत वाळतात. ओल, बुरशी आणि कुबट वास यांची गाठ आपण पावसाळ्याशी बांधलेली. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणासाठी थंडीत लंडनला गेलेल्या आईला भिंतीवर काळे ठिपके दिसले, की ती आधी खिडक्या घट्ट लावायला सांगते. बाहेर पावसाची भुरभुर चाललेली असताना आतली ओल घालवायला खिडकी उघडायची, हे तिला पटणार कसं?

पण उघडायचीच. बाहेर पाच अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तरी त्या एक घनमीटर हवेत वाफ असते फक्त सहा ग्रॅमच्या आसपास. घरातल्या २० अंशांच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत ती दहा ग्रॅमहून जास्त असते. आर्द्रतेची टक्केवारी सापेक्ष असते. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्यापैकी किती धरली आहे, एवढंच ती सांगते. थंड हवेची धारणशक्तीच तोकडी, म्हणून थोडक्या वाफेतही तिचे ९० टक्के भरतात. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली जाते. भर पावसातली ही हवा घरात शिरते ती तहानलेली होऊन. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडल्या तर हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार पडत नाही. दिवसभर एक फट किलकिली ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

हिवाळ्यातल्या या ओलीचं बहुतेक पाणी घरातल्यांचंच असतं. चार माणसांचं कुटुंब स्वयंपाक, अंघोळी, भांडी, कपडे आणि श्वास मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. धुतलेल्या कपड्यांचा एक घाणा आत वाळवला तर दोनेक लिटर त्यातूनच. गॅसच्या ज्योतीतूनही पाणी निघतं, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. एक किलो एलपीजी जळाला की दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ होते. शिजणाऱ्या डाळ-भाताची वाफ वेगळी.

ही वाफ घरातली सर्वांत गार जागा शोधते. २० अंश आणि ६० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू १२ अंश. बाहेर पाच अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग नऊ अंशांच्या आसपास असतो, म्हणून तिथे थेंब धरतात. बुरशीला मात्र थेंबांचीही गरज नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली, की तिचं काम होतं. त्याच हवेत खोलीचा एखादा कोपरा १४ अंशांवर असला, तर त्याच्यालगत आर्द्रता ८८ टक्क्यांच्या घरात जाते. भिंत हाताला कोरडी लागते आणि तरी बुरशी वाढत असते.

ब्रिटनमधली लाखो घरं पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहेत. भिंतीला भिंत लागून रांगेत उभी असलेली, नऊ इंची भरीव विटांची. त्या काळी खोलीखोलीत शेगडी पेटायची आणि धुराड्याची ओढ घरातली दमट हवा सतत बाहेर खेचायची. पुढे धूर हटवण्यासाठी १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, सेंट्रल हीटिंग आलं, धुराडी बुजली, खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या. ऊब घरात राहू लागली आणि तिच्याबरोबर वाफही. दुहेरी काचेने आणखी एक उलथापालथ केली, ती मला फार महत्त्वाची वाटते. जुनी एकेरी काच हीच घरातली सर्वांत गार जागा होती. पाणी तिच्यावर डोळ्यांदेखत जमायचं आणि पुसून टाकता यायचं. नवी काच १४ अंशांच्या वर राहू लागली आणि सर्वांत गार जागेचा मान गेला कोपऱ्यांकडे, छताच्या कडांकडे, बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटांच्या पाठीमागे. पाणी दिसेनासं झालं आणि बुरशी दिसू लागली.

माझी भाची लेस्टरला अशाच एका घरात राहते. तिच्याकडे उत्तरेच्या भिंतीचं कपाट ओढून पाहिलं, तर पाठीच्या प्लायवुडवर राखी-हिरवी लव आली होती आणि आतल्या पैठणीच्या घडीवर, बरोबर भिंतीकडच्या बाजूला, पांढुरके ठिपके उठले होते. साडीची खोलीकडची बाजू स्वच्छ होती. कपाटामागे गरम हवा फिरत नाही, त्यामुळे तिथली भिंत उघड्या भिंतीपेक्षाही गार पडते. कपाट आतल्या भिंतीला हलवलं आणि तिने हवेतलं पाणी काढून घेणारा डिह्युमिडिफायर घेतला. पाचव्या-सहाव्या दिवशी फोन आला, “मामा, मशीन बिघडलंय का काय कळेना. टाकी रोज भरते आणि आर्द्रतेचा आकडा ढिम्म हलत नाही.”

मशीन ठणठणीत होतं. तिच्या खोलीतल्या हवेत एका वेळी पाणी असतं पाव लिटरभर, फार तर थोडं जास्त. टाकीत रोज पडणारं दोन-तीन लिटर पाणी हवेतलं नव्हे. ते प्लॅस्टर, गादी, पुस्तकं, गालिचा आणि कपाटातले कपडे यांनी महिनोन्‌महिने शोषून ठेवलेलं पाणी होतं. हवा थोडी कोरडी झाली की या वस्तू आपल्याजवळचं पाणी सोडतात आणि आकडा पुन्हा वर चढतो. दमट घर सुकायला आठवडे लागतात. नंतर आकडा उतरतो आणि टाकीही सावकाश भरू लागते.

डिह्युमिडिफायर घरात एक नवी गार जागा तयार करतो, भिंतीपेक्षा गार आणि आपल्याला हवी तिथे. फ्रीजमध्ये असतो तसाच कॉम्प्रेसर नळ्यांच्या एका जाळीला दवबिंदूच्या खाली नेतो. पंखा खोलीतली हवा तिच्यावरून ओढतो, पाणी नळ्यांवर जमून टाकीत ठिबकतं आणि हवा पुढच्या गरम जाळीवरून बाहेर पडते. युक्ती जुनी आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिथली आर्द्रता ताब्यात आणली. आजच्या एसीचा जन्म त्या कामातून झाला.

यंत्रातून बाहेर पडणारी हवा आत गेलेल्या हवेपेक्षा गरम असते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली सुप्त उष्णता सुटते, लिटरमागे जवळपास ०.६८ युनिट. यंत्राने दोन युनिट वीज घेऊन दोन लिटर पाणी काढलं, तर खोलीला सुमारे ३.४ युनिट उष्णता मिळते. दोनाच्या हीटरकडून दोनच मिळाली असती. अर्थात ही जास्तीची उष्णता आकाशातून पडत नाही. ओले कपडे वाळताना त्यांनी खोलीतूनच घेतलेली असते, ती परत मिळते इतकंच. खिडकीतून वाफ बाहेर गेली असती, तर तिच्याबरोबर तीही गेली असती. थंड देशात महागडं इंधन जाळून घर तापवणाऱ्याला हा फरक बिलात दिसतो.

खोक्यावरचा आकडा मात्र जपून वाचावा. ‘१२ लिटर’ लिहिलेलं यंत्र दिवसाला १२ लिटर काढतं ते बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, म्हणजे थेट आपल्या कोकणातल्या पावसाळी हवेत. २० अंश आणि ६० टक्क्यांना तोच आकडा निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की गार जाळीवर बर्फ धरू लागतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्राला मधून मधून थांबावं लागतं. न तापवलेलं गॅरेज, तळघर किंवा काचेची पडवी असेल तर दुसऱ्या जातीचं यंत्र घ्यावं. त्यात झिओलाइटचं चाक सावकाश फिरतं, वाफ शोषतं आणि एका बाजूला तापवून ती सोडून देतं. त्याला थंडीचं वावडं नाही, पण वीज जास्त लागते. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या एखाद्या बंद कपाटापुरत्या ठीक. खोलीसाठी त्यांचा उपयोग नाही.

माझ्या मते या यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग कपडे वाळवण्यासाठी आहे. रेडिएटरवर कपडे पसरणं ही तिथल्या घरांतली मुरलेली सवय, आणि ओलीची मोठी वाटही तीच. त्याऐवजी लहानशा खोलीत स्टँड मांडावा, दार-खिडकी लावून घ्यावी आणि यंत्र शेजारी ठेवावं. २०० वॉटचं यंत्र सहा तास चाललं तर सव्वा युनिटही होत नाही; जुन्या धर्तीच्या ड्रायरला एका घाण्यासाठी त्याच्या तिप्पट-चौपट लागते. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणं व्यर्थ. स्वस्तातला आर्द्रतामापक खोलीत ठेवावा आणि आकडा ५० ते ५५ टक्क्यांवर राखावा. धुळीतले सूक्ष्म कीटक, ज्यांच्यामुळे अनेकांचा दमा चाळवतो, पाणी पीत नाहीत. ते हवेतूनच ओलावा घेतात. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांचं जगणं कठीण होतं. ४० च्या खाली मात्र जाऊ नये, घसा सुकतो आणि लाकडी सामान तडकतं. टाकीतलं पाणी निवळशंख दिसलं तरी पिऊ नये, धूळ आणि जंतू त्यात उतरलेले असतात.

आणि काही ओली या यंत्राच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. जमिनीलगत हात-दोन हात उंचीपर्यंत भिंत ओली असेल, तिला लोणा लागून पोपडे सुटत असतील किंवा पाऊस झाल्यावरच डाग मोठा होत असेल, तर पाणी पायातून, फुटक्या पन्हळीतून किंवा छपरातून येतंय. तिथे यंत्र लावणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलत राहणं. शंका असेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतलं. भिंतीतलं पाणी थांबवणं हे घरमालकाचं काम आहे आणि भाडेकरूने ते ठणकावून मागावं. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात राहून दगावला. त्याच्या आई-वडिलांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या. मृत्यूचं कारण बुरशीचा दीर्घ संपर्क हेच, असं २०२२ मध्ये चौकशीत नोंदवलं गेलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. सामाजिक गृहनिर्माणातल्या मालकांना आता ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी कामाच्या दहा दिवसांत करावी लागते, आणि जिवाला धोका असेल तर २४ तासांत उपाय. ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळवता’ एवढं सांगून भाडेकरूवर दोष ढकलणं आता तितकं सोपं राहिलेलं नाही, आणि ते योग्यच झालं.

परत येताना हे यंत्र मुंबईला आणावं का, असं भाचीने विचारलं. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टची, त्यामुळे पिन बदलली की ते चालेल. खोक्यावरचे १२ लिटरही ते जुलैत इथे खरंच काढेल. पण इथे सगळा हिशेब उलटा आहे. पावसाळ्यात बाहेरच्या एक घनमीटर हवेत २३ ग्रॅमपर्यंत वाफ असते, म्हणून खिडकी उघडून घर सुकत नाही; ती लावूनच यंत्र चालवावं लागेल, आणि यंत्र सोडतं ती उष्णता लेस्टरमध्ये हवीशी असली तरी मुंबईत नकोशी होईल. पुस्तकांच्या किंवा कपड्यांच्या लहान बंद खोलीसाठी ते आणायला हरकत नाही. बसा-उठायच्या खोलीत एसी असेल तर त्याचा ‘ड्राय’ मोड लावावा. पाणी तोही काढतो, आणि उष्णता खिडकीबाहेर टाकतो.